कुंडल रोडचं माळरान

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, पण पाण्याच्या टाकीवर आणि पार्किंगवर नको, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा बरं वाटलं. त्या दोन विषयांवर आपल्याकडे अधिकारवाणीने बोलणारे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसलेला माणूस. तेव्हा माझ्याच बिरादरीतल्या एका थोर माणसाबद्दल लिहितो. त्यांचं नाव आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी आलेलं आहे, निदान गावाकडच्या विहिरीवरच्या पंपावर तरी. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बहुतेकांना त्यांचा कारखाना माहीत असतो. हा माणूस किती वेळा अडकला होता, ते फारसं माहीत नसतं. माझ्या लेखाचा विषय तेवढाच आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्तात रमणारे. मुलाला मात्र पुस्तकापेक्षा चित्रं काढण्यात आणि यंत्रं खोलून बघण्यात रस. शाळेत जीव रमेना. शेवटी थोरल्या भावाने, रामूअण्णांनी, पैशाची बाजू उचलली आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. वडिलांची मर्जी नव्हती. त्या काळात ब्राह्मणाच्या मुलाने चित्रकार व्हायचं म्हणजे काय, हे आजच्या पालकांना समजावून सांगायची गरज नाही. आजही फार वेगळं नाही.

दोन वर्षं गेली आणि एक गोष्ट उघडकीला आली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. डोळ्यांतच रंगांधळेपणाचा दोष होता. यावर औषध नाही, चष्मा नाही, सराव करून सुधारणाही नाही. घरच्यांचा रोष पत्करून, भावाचे पैसे घेऊन ज्या गोष्टीसाठी मुंबई गाठली, तिचं दारच बंद. वय अठराच्या आसपास.

आता इथे बघा. त्यांनी जे. जे. सोडलं नाही. रंग गेले, पण रेषा शाबूत होती. त्यांनी रंगकाम बाजूला ठेवलं आणि यंत्रांची रेखाटनं, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग शिकायला घेतलं. या कामात लाल-हिरव्याचा प्रश्नच येत नाही. पेन्सिल टोकदार हवी, माप अचूक हवं आणि समोर नसलेला भाग डोक्यात फिरवून बघता यायला हवा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, कारण मीही तीस वर्षं तेच केलं.

त्या रेखाटनाच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, महिना 45 रुपयांवर साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. काम वर्गात आकृत्या शिकवायचं. पण त्यांचं लक्ष वर्कशॉपकडे. तिथली यंत्रं चालवून बघायची, बिघडलेली खोलायची, पुन्हा जोडायची. कुठलीही पदवी नसलेल्या या शिक्षकाने आपलं खरं शिक्षण तिथे, फावल्या वेळात, हात काळे करून घेतलं.

मुंबईत त्यांनी एका माणसाला सायकलवरून जाताना पाहिलं. ही नवलाची वस्तू बेळगावात का असू नये, असं त्यांच्या मनाने घेतलं. 1888 साली बेळगावात भावाच्या मदतीने सायकलींचं छोटं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा तिकडे त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होतं त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म याच दुकानापासून मोजतो. भावाभावांत भांडण न होता चाललेला धंदा, ही मला त्यातली सगळ्यात आश्चर्याची बाब वाटते.

मग नोकरीत बढतीची वेळ आली. लक्ष्मणरावांना वाटलं, आपलं काम आहे, आपला नंबर लागणार. बढती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. गोऱ्यांच्या राज्यात यात नवल काहीच नव्हतं. नोकरीत राहिले असते तर 45 चे पन्नास-साठ झाले असते आणि पेन्शनपर्यंत गाडी गेली असती. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला परत आले. वाचताना हे फार शूर वाटतं. पण एक लक्षात घ्या, बेळगावात दुकान होतं, भाऊ होता आणि हातात कसब होतं. त्यांनी उडी मारली ती खाली काय आहे ते बघून. आपल्या सोसायटीतल्या तरुण मंडळींना मी हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली मोबाइलवर नोकरी सोडा, स्वप्नं जगा असं सांगणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय.

बेळगावात त्यांनी शेतीची अवजारं करायला घेतली. आधी कडबा कापायचं यंत्र. मग लोखंडी नांगर. आणि इथे ते असे अडकले की माझ्यासारख्याने धंद्याचा नाद सोडून दिला असता.

नांगर तयार झाला, पण कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण नवीन फ्लॅटला दोन महिने गिऱ्हाईक आलं नाही तर बिल्डरला शिव्या देतो. इथे रोज कारखान्यात यायचं, ते तयार नांगर पडलेले बघायचे, त्यावर चढणारा गंज बघायचा आणि तरी भट्टी पेटवायची.

लोक या गोष्टीवर हसतात, शेतकरी अडाणी होते म्हणतात. मला ते पटत नाही. गावातल्या लाकडी नांगरालासुद्धा फाळ लोखंडाचाच असायचा. तेव्हा नुसत्या विषाच्या भीतीने दोन वर्षं सगळे थांबले असतील असं मला वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून द्यायचा. त्याला रोख पैसे लागत नसत. लोखंडी नांगराचा एखादा भाग पावसाच्या तोंडावर तुटला तर जायचं कुणाकडे? शिवाय लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर माती उचलून पालथी घालतो. खोल जातो, हरळीच्या मुळ्या वर काढतो, पण ओढायला बैल दणकट लागतात. हातावर पोट असलेल्या माणसाने शेजाऱ्याचा अनुभव येईपर्यंत थांबावं, यात अडाणीपणा कुठला? आपल्या इमारतीवर सोलर बसवताना आपणही हेच केलं. समोरच्या सोसायटीचं बिल बघितल्यावरच आपली सर्वसाधारण सभा तयार झाली.

लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर चिडून बसले नाहीत. पुढे त्यांचा नांगर गावोगाव गेला तो शेतातल्या शेतकऱ्याच्या अडचणी ओळखून. ओतीव कामाचा एक मोठा फायदा असा की एका साच्यातून निघालेला भाग दुसऱ्यासारखाच असतो. एक तुटला तर तसाच दुसरा बसवता येतो. त्यासाठी रेखाटन अचूक लागतं, लाकडाचा नमुना, ज्याला आम्ही पॅटर्न म्हणतो, तो केसभरही चुकून चालत नाही. रंगांनी नाकारलेल्या त्या विद्यार्थ्याची रेषा इथे कामाला आली.

नांगराचा जम बसू लागला, तोच तिसरा धक्का. शहराची वाढ करायची म्हणून बेळगावच्या नगरपालिकेकडून कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. कारखाना म्हणजे काही बिऱ्हाड नव्हे, टेम्पोत घालून नेलं असं होत नाही. यंत्रांचे पाये, भट्टी, शेड, आणि मुख्य म्हणजे शिकून तयार झालेली माणसं. वयाची चाळिशी उलटलेली. ज्या वयात आपण मुलांच्या अ‍ॅडमिशनचं आणि होमलोनच्या हप्त्यांचं गणित मांडतो, त्या वयात या माणसाला सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडायचं होतं.

इथे थोडं स्वतःबद्दल सांगतो, कारण हे सगळं मी वाचलं ते एका विशिष्ट काळात. आपल्या सोसायटीत राहायला येऊन मला दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या कंपनीने (नाव सांगत नाही) ड्रॉइंग ऑफिस बंद करून सगळं काम कॉम्प्युटरवर नेलं आणि आम्हा जुन्या ड्राफ्ट्समनना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. सत्तेचाळीस वय, घराचे हप्ते चालू, मुलगी अकरावीत. दुपारी जिन्यात कोणी भेटू नये म्हणून मी वाचनालयात जाऊन बसायचो. तिथे एका जुन्या दिवाळी अंकात लक्ष्मणरावांवरचा लेख हाती लागला. मग आणखी शोधून वाचलं. त्यांच्या मुलाचं, शंतनुरावांचं, 'कॅक्टस अँड रोझेस' हे आत्मचरित्र डिक्शनरी घेऊन वाचलं. त्यातला कॅक्टस कुठला, हे पुढे सांगतो.

वाचून मला एकदम प्रकाश दिसला वगैरे काही झालं नाही. पण माझ्याकडे अजून काय शिल्लक आहे, हा प्रश्न मात्र मी पहिल्यांदा नीट कागदावर मांडला. कॉम्प्युटर येत नव्हता. व्हर्नियर हातात धरता येत होता. आपल्या तळमजल्यावरच्या एका शेजाऱ्यांच्या ओळखीने एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे जुन्या मशिनींचे झिजलेले भाग असतात आणि ड्रॉइंग कुणाकडेच नसतं. ते भाग मोजायचे, झीज किती झाली असेल ते ओळखायचं आणि मूळ मापाचं ड्रॉइंग काढून द्यायचं, हे काम मी पुढे चौदा वर्षं केलं. पगाराएवढे पैसे कधीच मिळाले नाहीत. हप्ते मात्र फिटले. असो.

तर बेळगावची जागा जायच्या वेळी लक्ष्मणरावांच्या मदतीला आले औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते स्वतः चित्रकार होते, आणि लक्ष्मणरावांच्या कामाची त्यांना कदर होती. 1909 साली ते गादीवर आले होते. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानात येण्याचं निमंत्रण दिलं, दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली.

जमीन म्हणजे काय? पाणी नाही, सावली नाही, चहूकडे निवडुंग आणि निवडुंगात नाग. शंतनुरावांच्या पुस्तकाच्या नावातला कॅक्टस तो हा. पिकाच्या दृष्टीने ती जागा टाकाऊच. पण यांत्रिकाच्या नजरेने बघा. शेजारून रेल्वे जाते. नांगराला लागणारं कच्चं लोखंड आणि भट्टीचा कोळसा गाडीने दारात येणार, तयार नांगर गाडीनेच देशभर जाणार. औंध संस्थान एवढंसं, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. तिथे दहा खात्यांची परवानगी नको, एका जाणत्या माणसाचा शब्द पुरे. सोसायटीचं कन्व्हेयन्स करून घेताना ज्यांनी चपला झिजवल्या आहेत, त्यांना या सोयीची किंमत कळेल.

1910 साली पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. आधी निवडुंग तोडला. मग डोक्यावर छप्पर, मग कारखाना. माझ्या मनात नेहमी त्या बायका येतात. बेळगावासारखं गार हवेचं, बाजारपेठेचं गाव सोडून, कडेवर पोर घेऊन त्या स्टेशनवर उतरल्या असतील आणि समोर हे. यंत्रांच्या इतिहासात त्यांची नावं फारशी लागत नाहीत. आपण इथे आलो तेव्हा रस्ता नव्हता, टँकरचं पाणी होतं, लिफ्ट चालू व्हायला आठ महिने लागले होते, आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी सगळ्या विंगला चहा पाजला होता. त्यावरून थोडाफार अंदाज बांधायचा.

सोबतची माणसंही अशीच जमलेली होती. शंभूराव जांभेकर इंजिनिअर. मंगेशराव रेगे कारकून, मॅनेजर आणि हिशेबनीस असे तिन्ही. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले, पण डोकं यंत्रात चालणारं. लक्ष्मणरावांनी कोणाचं सर्टिफिकेट पाहिलं नाही. त्यांचं स्वतःचंच कुठे होतं? शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या रखवालीवर ठेवलं. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकत नाही त्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या, हे आज आपली कमिटी वॉचमन ठेवताना करील का? मी कमिटीत तीनदा होतो, तेव्हा उत्तर मला माहीत आहे. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, असाही त्यांचा नियम होता. 1910 च्या सुमाराला हे सोपं नव्हतं.

या वसाहतीचं नाव किर्लोस्करवाडी. कारखाना आणि कामगारांची घरं एकत्र, नीट आखलेली वस्ती. तिकडे साकचीला टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. फरक एवढाच की इथे भांडवल होतं दहा हजार, तेही उसनं.

पुढे 1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. नांगराला मागणी आणि ओतायला धातू नाही. लक्ष्मणरावांची नजर गेली जुन्या किल्ल्यांवर. तिथे निकामी तोफा गंजत पडल्या होत्या. त्या आणून वितळवल्या आणि त्यांचे नांगर केले. याचं वर्णन करायला कवी लागेल. मला मात्र क्युपोला भट्टीपर्यंत त्या अजस्र तोफा ओढून आणून फोडणारे कामगार दिसतात.

बाकीचं सगळं वाढत गेलेल्या उद्योगाचं आहे, ते थोडक्यात सांगतो. ऊस गाळायचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप, लोखंडी फर्निचर असा माल वाढत गेला. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघालं, संपादक पुतणे शंकरराव. कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला निघालेलं हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि त्याच्यामागून 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. आपल्यातल्या ज्येष्ठ भगिनींच्या माहेरी 'स्त्री'चे अंक यायचे, हे कोजागिरीच्या गप्पांत बऱ्याचदा ऐकलंय. माळावरच्या नांगराच्या कारखान्यातून मराठी बायकांचं मासिक निघालं, हे मला कधी कधी पंपापेक्षाही मोठं वाटतं.

मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून शिकून आला. पुण्यात आणि बंगळुरूत नवे कारखाने निघाले. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जळाला. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे. निवडुंग तोडून उभं केलेलं सगळं डोळ्यांदेखत काळंठिक्कर. पुन्हा उभारणी झाली. तोवर ती करणारी पुढची पिढी तयार होती. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढलं.

आपल्यापैकी बरेच जण कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला रेल्वेने जातात. पुण्याहून जाताना कराड मागे पडलं, ताकारी गेलं, की पुढे किर्लोस्करवाडी येतं. गाडी थांबलीच तर मिनिटभर थांबते. हेच ते कुंडल रोड, नाव नंतर बदललं. दुपारची वेळ असेल तर पडदा बाजूला सारून बाहेर बघा. आता तिथे झाडी आहे, निवडुंग दिसणार नाही.